बाटलीवर लेफ्ट, फॉर्मवर राईट

आमच्या ह्यांच्या नाकाच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात यायला २६ दिवस लागले. त्यातले २१ दिवस तपासणी सुरूच झाली नव्हती. आठवलं की आजही जीव जळतो.

हे २२ वर्षं जोगेश्वरीला फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करतात. सायनस जुनाच. वाफ, स्प्रे, गोळ्या, तेवढ्यापुरतं बरं. गेल्या पावसाळ्यापासून मात्र एकटी डावी नाकपुडी बंद राहू लागली आणि रुमालावर रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. "भुसा जातो गं नाकात," म्हणत ह्यांनी तीन महिने काढले. शेवटी मीच ओढत नेलं. दुर्बीण, सीटी स्कॅन, बायोप्सी, सगळं आठवड्यात उरकलं.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, सायनसचा कॅन्सर होतो का? ते म्हणाले, सायनसची सूज घरोघरी असते, नाक-सायनसचा कॅन्सर फार क्वचित. अमेरिकेत २०१७ साली वयस्कर लोकांवरचा एक अभ्यास आला. त्यात दोघांचा संबंध दिसला, पण मुख्यतः सायनसचं निदान झाल्यावरच्या पहिल्या वर्षात. म्हणजे बऱ्याच जणांत कॅन्सर आधीच असावा आणि सायनस समजून औषधं चालली असावीत. लाकडाच्या भुशाचा धोका मात्र पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो १९९५ मध्येच कॅन्सरकारक ठरवलाय. हे ऐकल्यावर मला एकेक दिवस जड झाला.

रिपोर्ट दहा दिवसांनी, असं सांगितलं होतं. अकराव्या दिवशी डब्यांचं काम शेजारणीवर टाकून मी भांडुपहून गेले. खिडकीवर उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." चौदाव्या दिवशी तेच. सतराव्या दिवशी, "सर्व्हर डाऊन, उद्या या." एकोणिसाव्या दिवशी मी खिडकी सोडलीच नाही. मागे रांग ओरडत होती. शेवटी आतल्या एका ताईंनी रजिस्टर उघडलं, आमचा नंबरच नव्हता. मग त्या कोपऱ्यातल्या ट्रेमधून अंगठ्याएवढी बाटली घेऊन आल्या. चिकटपट्टीवर ह्यांचं नाव, पुढे बॉलपेनने 'लेफ्ट'. तळाशी तांदळाच्या कणीएवढे तीन फिकट तुकडे. फॉर्मवर 'राईट' लिहिलेलं, म्हणून बाजूला ठेवलेली.

बाजू चुकली तर ऑपरेशन चुकेल, तेव्हा थांबवलं ते बरोबरच. पण फॉर्मवर माझा मोबाईल नंबर ठळक अक्षरांत होता. एक फोन करायला काय लागतं? आणि दोन वेळा 'प्रोसेसमध्ये' कशाच्या जोरावर सांगितलं? दुरुस्तीवर सही त्याच डॉक्टरांची हवी, त्यांची ओपीडी शुक्रवारी. दोन दिवस आणखी गेले. सही झाल्यावर पाच दिवसांत रिपोर्ट आला.

म्हणून सांगते, बायोप्सी झाली की तिथेच बाटली आणि फॉर्म दोन्ही वाचा. नाव, वय, बाजू. फॉर्मचा फोटो काढा. लॅबमध्ये नोंद झाल्यावर बायोप्सी नंबर मिळतो तो मागून घ्या. नंबर मिळाला नाही तर तपासणी सुरू झालेली नाही असं धरा आणि त्याच दिवशी विचारा.

रिपोर्टमध्ये इन्व्हर्टेड पॅपिलोमा निघाला. कॅन्सर नाही! मी जिन्यातच बसून रडले. पण ही गाठ परत येते आणि शंभरातल्या पाच-दहा जणांत तिचा कॅन्सर होतो, म्हणून मुळासकट काढावी लागली. ऑपरेशन दुर्बिणीने झालं, दुसऱ्या दिवशी घरी. आता काही वर्षं नियमित दुर्बीण.

एक राहिलंच. गाल बधिर होणं, वरचे दात हलणं, एकाचे दोन दिसणं यातलं काहीही असेल तर सायनस म्हणून घरी थांबू नका. आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक (ज्यात काढलेला तुकडा जपून ठेवलेला असतो) लॅबकडे अर्ज करून मागता येतो. आमचा ब्लॉक मी आणलाय, कपाटात ह्यांच्या फाइलबरोबर ठेवलाय.