लोटलीचा पियानोला आणि मामांचा भाता

फोंड्याहून मडगावकडे जाताना बोरीचा पूल ओलांडला की झुआरी मागे पडते आणि सासष्टीच्या पहिल्या गावांपैकी एक असलेले लोटली लागते. या रस्त्याने मी लहानपणापासून शेकडो वेळा गेले असेन, पण लोटलीत उतरण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो आला गेल्या ऑक्टोबरात, आणि तोही मामांच्या हत्यारांची पिशवी सांभाळण्याच्या निमित्ताने.

माझे मामा फोंड्याचे. शाळेतली नोकरी करून निवृत्त झालेले, भजनाला पेटीची साथ करणारे आणि गावोगावच्या पेट्या दुरुस्त करून देणारे. लोटलीच्या एका जुन्या घरातून त्यांना निरोप आला होता की, आपोआप वाजणारा पियानो बरीच वर्षे बंद आहे, तारा लावणारा माणूस येऊन तारा लावून गेला, परंतु आतल्या भात्यांना हात लावायला त्याने नकार दिला. मामांनी असला पियानो जन्मात पाहिलेला नव्हता. तरीही ‘भाते’ हा शब्द ऐकल्यावर त्यांना राहवेना.

घर जांभ्या दगडाचे, खिडक्यांना काचांऐवजी शिंपल्यांची तावदाने असलेले. दारात उभ्या असलेल्या वृद्ध बाईंनी “येयात, बसात” म्हणून आत घेतले, आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यातले, चादरीखाली झाकलेले ते उभे धूड दाखवले. त्यांच्या सासऱ्यांच्या काळात ते बोटीने आले, एवढेच त्यांना ठाऊक होते. चादर काढल्यावर प्रथमदर्शनी तो साधा उभा पियानोच दिसला. मग बाईंनी समोरची दोन लहान दारे सरकवली. आत रोल, म्हणजे सुरांसाठी छिद्रे पाडलेल्या कागदाची गुंडाळी, बसवण्याची जागा होती, तिच्या खाली दुसरा रिकामा रूळ होता आणि दोहोंच्या मधोमध एक पितळी पट्टी आडवी बसवलेली होती. त्या पट्टीवर बारीक चौकोनी भोकांची एक सरळ ओळ होती. पियानोच्या पट्ट्या 88 आणि ही मुख्य भोकेही 88. खालची फळी काढल्यावर पायाने मारायचे दोन पावटे बाहेर आले, आणि त्यांच्या मागे दोन मोठे भाते.

“ही तर पायपेटी,” मामा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

इथपर्यंत आम्ही दोघेही एकाच चुकीच्या समजुतीत होतो. पेटीचा भाता हवा आत घेतो, ती दाबून धरतो आणि दाबलेली हवा सुरांच्या पात्यांतून बाहेर पडताना आवाज होतो, हे डोक्यात इतके पक्के बसलेले की, या यंत्रातही पावटे मारले की हवा फुंकली जात असणार आणि ती फुंकर पियानोच्या हातोड्या हलवत असणार, असे आम्ही गृहीत धरले. मी खुर्ची ओढून पावटे मारू लागले. रोल बसवलेलाच नव्हता. आठ-दहा पावट्यांनंतर जे झाले ते पाहून मी पाय काढून घेतले. पियानोच्या जवळजवळ सगळ्या पट्ट्या, काळ्या आणि पांढऱ्या, एकदम जराशा खाली बसल्या, आणि एकही सूर वाजला नाही. जणू दहा-बारा माणसांनी एकाच वेळी हलक्या हाताने कळफलकावर तळवे टेकले असावेत.

मामांनी त्या पितळी पट्टीशी बोट नेले. भोकांतून हवा बाहेर येत नव्हती, उलट बोटाचा टोकाचा भाग आत ओढला जात होता. “अगो, हे फुंकीत नाही, ओढते आहे,” ते म्हणाले, आणि थोडा वेळ गप्प राहून पुढे म्हणाले, “आमच्या नाटकांच्या ऑर्गनसारखे.” संगीत नाटकांत वापरला जाणारा पायाचा ऑर्गन त्यांनी तरुणपणी एकदा उघडला होता. अमेरिकी धाटणीच्या त्या ऑर्गनमध्ये भाते हवा बाहेर उपसतात आणि बाहेरची हवा सुरांच्या पात्यांतून आत खेचली जाते. पेटीच्या नेमके उलटे. हे साम्य योगायोगाचे नाही, हे मला नंतर वाचताना कळले. ‘पियानोला’ हे आपोआप पियानो वाजवणारे यंत्र 1895 मध्ये डेट्रॉइट येथे तयार करणारे एडविन व्होटी हे मुळात ऑर्गनच्याच धंद्यातले होते. त्यांचे पहिले यंत्र पियानोच्या आत नव्हते. पियानोसमोर ढकलून लावायचे ते एक स्वतंत्र कपाट होते, आणि त्यातून बाहेर आलेली नमदा लावलेली लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्या दाबत. ते कपाट पियानोच्या पोटात शिरले ते नंतर.

आता आतली रचना. ती समजून घ्यायला आम्हाला पूर्ण दुपार लागली, पण कळल्यावर तिचा साधेपणा पाहून थक्क व्हायला होते. पितळी पट्टीच्या प्रत्येक भोकापासून एक रबरी नळी निघते आणि एका लाकडी पेटाऱ्यापर्यंत जाते. पावटे मारल्याने त्या पेटाऱ्यातली हवा सतत उपसली जात असते. नळीचे तोंड पेटाऱ्यात जिथे येते तिथे रुपयाएवढी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ चामड्याची चकती सैलसर बसवलेली असते, आणि तिच्यावर एक छोटी झडप आपल्याच वजनाने टेकलेली असते. पितळी पट्टीवर कागद असेल तोवर भोक बंद. कागदातले छिद्र सरकत त्या भोकावर आले की बाहेरची हवा नळीत शिरते आणि चकतीच्या खालच्या अंगाला पोहोचते. वर ओढ आणि खाली साधी हवा, अशी स्थिती होताच चकती फुगून झडपेला वर उचलते. झडप उचलली जाताच तिच्या शेजारचा एक छोटा भाता बाहेरच्या हवेपासून तुटून ओढीशी जोडला जातो. त्याच्यातली हवा निघून जाते, भाता मिटतो आणि मिटताना पियानोच्या यांत्रिकीला वर ढकलतो. हातोडी तारेवर आपटते. असे 88 छोटे भाते, तितक्याच चकत्या, तितक्याच झडपा.

मग सूर संपतो कसा? छिद्र पुढे सरकून कागदाने भोक पुन्हा झाकल्यावर नळीत अडकलेली हवा चकतीखालीच राहिली तर झडप उघडीच राहील आणि पट्टी खाली दबलेलीच राहील. त्यासाठी प्रत्येक चकतीजवळ सुईच्या टोकाएवढे एक पाझरछिद्र ठेवलेले असते. त्यातून अडकलेली हवा हळूच ओढून घेतली जाते, चकतीच्या दोन्ही अंगांना ओढ सारखी होते आणि झडप आपल्या जागी बसते. हे छिद्र मोठे झाले तर झडप आळशी होते, बुजले तर पट्टी खालीच अडकते. साऱ्या यंत्रात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

ओढ म्हणजे नेमकी किती, असा प्रश्न मामांना पडलाच. ती पाण्याच्या उंचीने मोजतात. नळीचे एक टोक पाण्यात बुडवून दुसरे पेटाऱ्याला लावले तर मध्यम आवाजात वाजताना पाणी 20 इंच वगैरे चढेल, इतकी. वातावरणाचा दाब याच मापात सुमारे 400 इंच भरतो, म्हणजे हा त्याचा विसावा हिस्सा झाला. हा फरक अगदीच किरकोळ वाटतो, परंतु पाचेक चौरस इंचांच्या भात्यावर त्याचा भार दीड किलोहून अधिक होतो. भात्याची एक कड बिजागरीसारखी जखडलेली असल्याने त्यातला साधारण निम्माच मोकळ्या टोकाशी हाती लागतो. पियानोची पट्टी हलकेच खाली न्यायला 50 ग्रॅमच्या आसपास वजन पुरते, हे लक्षात घेतले तर निम्मा भारही भरपूर आहे. म्हणजे हातोडी उचलणारे बळ पायांचे नाही, दिवाणखान्यातल्या हवेचे आहे. पाय फक्त तिला वाट मोकळी करून देतात. मघाशी सगळ्या पट्ट्या का बसल्या, तेही उलगडले. कागद नसल्यामुळे सारीच भोके उघडी होती. साऱ्या झडपा एकदम उचलू पाहत होत्या, आणि इतक्या वाटांनी हवा आत शिरत असल्यामुळे ओढ टिकत नव्हती.

बाईंनी कपाटातून रोलांची पेटी आणली. कागद पिवळा पडलेला, पण अजून चिवट होता. या रोलांची रुंदी सव्वाअकरा इंच असते आणि इंचाला नऊ छिद्रे बसतात. निरनिराळ्या कारखान्यांचे रोल एकमेकांच्या यंत्रांत चालेनात, तेव्हा अमेरिकेतल्या कारखानदारांनी 1908 मध्ये बफेलो येथे एकत्र येऊन हे माप ठरवले. एका वॉल्ट्झच्या रोलवर 70 हा आकडा छापलेला होता. 70 म्हणजे मिनिटाला सात फूट कागद सरकावा.

रोलचा सुरुवातीचा भाग कोरा असतो. तो पितळी पट्टीवर ओढून घेतला, म्हणजे सगळी भोके झाकली गेली, आणि मी पुन्हा पावटे मारले. आता नि:शब्द शांतता हवी होती. पण ‘टण्ण’ असा एकच सूर वाजला आणि मधल्या सप्तकातली एक पट्टी खाली जाऊन तिथेच बसली. पाय थांबवले की ती वर यायची, पाय चालवले की पुन्हा ‘टण्ण’. मामांनी सवयीने भाता तपासायला सुरुवात केली. त्यात त्यांचा अर्धा तास गेला. पेटीत गळती असली की सूर दुबळा होतो, म्हणून गळती शोधायची तर मुका सूर शोधायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. इथे हिशेब उलटा होता. नळीला चीर पडली की हवा आत शिरते, आणि त्या बिचाऱ्या चकतीला कागदातले छिद्र आणि नळीची चीर यांतला फरक कळायचा कसा? आमची चीर उंदराने पाडलेली निघाली, बरोबर त्या सुराच्या नळीला.

नवी नळी कुठली आणायची? व्हरांड्यात बाईंच्या नातवाची माशांची टाकी होती. तिला हवा पुरवणाऱ्या नळीचा एक जादा तुकडा खणात पडून होता. जरासा ढिला, पण दोरा गुंडाळल्यावर घट्ट बसला. बाकीच्या नळ्याही कडक होऊन तडकू लागल्या आहेत. गोव्याच्या पावसाळ्यात रबर, चामडे आणि सरस या तिन्हींची काय अवस्था होते, ते पेटीवाल्याला सांगावे लागत नाही.

मुके सूर चार निघाले. त्यांपैकी तिघांच्या पितळी भोकांत कागदाचा भुगा साचला होता. वाजताना कागद घासला जातो, धूळ होते आणि ओढ असल्यामुळे ती आतच जाते. अशा वेळी फुंकर मारणे म्हणजे भुगा पाझरछिद्रापर्यंत पोहोचवणे. म्हणून मामांनी त्याच माशांच्या नळीचे एक टोक भोकावर टेकवून दुसरे तोंडात धरले, जोराने श्वास ओढला, खोकले, थुंकले आणि पुढच्या भोकाकडे वळले. बाई लगबगीने पाणी घेऊन आल्या. चौथ्या सुराच्या भात्याचे कापडच घडीवर फाटले होते. त्यासाठी अगदी पातळ रबरी कापड लागते. पेटीचे चामडे त्यापुढे घोंगडीसारखे जाड. ते काम डिसेंबरावर गेले.

मग वॉल्ट्झ लावला. डाव्या बाजूला पाच लहान भात्यांचे एक इंजिन फुसफुसू लागले. तेही ओढीवरच चालते, आणि वाफेच्या इंजिनासारख्या सरकत्या झडपांनी एकेक भाता पाळीपाळीने मिटून दांडा फिरवतो व कागद खाली गुंडाळतो. मला वाटले होते, जोरात पावटे मारले की कागदही धावेल. तो धावला नाही. इंजिनाच्या वाटेवर स्प्रिंग लावलेला एक नियंत्रक भाता आहे. ओढ वाढली की तो थोडा मिटतो आणि हवेची वाट अरुंद करतो, त्यामुळे लय ढळत नाही. लय बदलायची तर कळफलकापुढची दांडी सरकवावी लागते. आवाज मात्र सर्वस्वी पायांच्या हाती. हळू पावटे मारले की सूर कुजबुजतात, एखाद्या सुराच्या ऐन क्षणी आखूड झटका दिला की तेवढाच सूर ठसतो. मागे स्प्रिंगांनी उघडा धरलेला साठवणीचा भाता असतो. तो लहानसहान हिसके गिळून टाकतो, म्हणून झटका त्याला पुरून उरेल असा द्यावा लागतो. मला ते जमले नाही. माझा वॉल्ट्झ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोरात ओरडला. ‘आपोआप वाजणारा’ हे नाव या वाद्याला कोणी दिले असेल, त्याने ते स्वतः वाजवून पाहिले नसावे.

1923 च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक या जातीचे होते. नंतर रेडिओ घरोघर आला, 1925 पासून विजेवर ध्वनिमुद्रित तबकड्या निघाल्या, 1929 ची मंदी आली आणि हा धंदा बसला.

निघण्यापूर्वी बाईंनी खुर्ची मागितली. त्यांनी चपला काढल्या, अनवाणी पाय पावट्यांवर ठेवले आणि रोल पुन्हा पहिल्यापासून लावला. त्यांचे पाय धिम्या गतीने, कधी एक लांब, कधी दोन आखूड, असे पडत होते, आणि तोच कागद आता श्वास घेत असल्यासारखा वाजत होता. फाटक्या भात्याचा सूर चालीत वरचेवर येत होता आणि तेवढी जागा रिकामी जात होती. दुसऱ्या आवर्तनापासून त्यांनी उजव्या हाताची तर्जनी त्या पट्टीवर नेऊन ठेवली, आणि तो सूर आला की स्वतः वाजवू लागल्या.