मेळघाटातली पहिली आणि घरची कोरकू

धारणी-चिखलदऱ्याकडच्या अनेक शाळांत पहिलीला येणारी बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी-मुंडारीच्या नात्यातली भाषा. मराठीपासून शब्द घेतले तरी तिची घडण वेगळी. म्हणून वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी शिकवणं आणि कोरकू मुलाला मराठी शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जूनमध्येच बाराखडी हाती घेतली तर मुलं अक्षरं छान गिरवतात, धडाही घडाघडा वाचतात, आणि अर्थ विचारला की गप्प बसतात.

सुरुवात दाखल-खारीज रजिस्टरपासून, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदीपासून करा. मातृभाषेच्या रकान्यात सवयीनं ‘मराठी’ पडतं. जातीवरूनही भाषा ठरवू नका. एकाच गावात कोरकू, निहाल, गवळी, बलाई अशी घरं असतात. आजीशी कोणती भाषा बोलतोस, भावंडांशी कोणती, बाजारात कोणती, एवढं विचारलं की वर्गाचं खरं चित्र कळतं.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो वाक्यागणिक भाषांतर केल्यानं. मराठी वाक्यामागून लगेच कोरकू येणार हे मुलांना चार दिवसांत कळतं, मग ती मराठी ऐकतच नाहीत. दोन्ही भाषांच्या वेळा वेगळ्या ठेवा. आज चित्रं दाखवत गोष्ट पूर्ण कोरकूत, तीही गावातल्या एखाद्या आजीनं किंवा अंगणवाडी ताईनं सांगितलेली. उद्या तीच चित्रं, तीच गोष्ट मराठीत, नवे शब्द आठ-दहाच. शिवाय रोज पंधरा मिनिटं कृतीची मराठी: दार लाव, खडू आण, दोन पावलं मागं जा. इथे मुलानं बोललंच पाहिजे असं नाही. सांगितलेलं केलं म्हणजे त्याला समजलं. काही आठवडे मूल मराठीत बोलणार नाही. ते ऐकत असतं, त्याला ‘मंद’ ठरवू नका. आणि वर्गातल्या एकाच चुणचुणीत पोरीला कायमची दुभाषी करू नका, तिचा स्वतःचा अभ्यास मागं पडतो.

मुलांच्या चुकांनाही कारणं असतात. ‘माझा आई आला’ हे वाक्य घ्या. कोरकूत नामांचा भेद लिंगाचा नाही, सजीव-निर्जीवाचा. दगड पुल्लिंगी, काठी स्त्रीलिंगी आणि पान नपुंसकलिंगी का, याला तिच्यात आधारच नाही. नियम सांगून हे सुटत नाही. ‘तो दगड, ती काठी, ते पान’ असं वस्तू हातात घेऊन, गाण्यातून, महिनोन्‌महिने कानावर पडावं लागतं. ‘चमचा’तला च ‘चार’सारखा उच्चारला तर वाचन चुकलं असं धरू नका, अक्षर त्यानं बरोबर ओळखलंय.

कोरकू देवनागरीत सहज लिहिता येते. अडचण एकच: काही शब्द घशात झटक्यानं तुटतात, त्याला मराठीच्या देवनागरीत अक्षर नाही. विसर्ग (ः) किंवा अपॉस्ट्रॉफी (’), काहीही एक ठरवा आणि वर्षभर तेच वापरा. दोन ए-फोर कागद एकात एक दुमडले की आठ पानांचं पुस्तक होतं. पानावर एक चित्र, खाली मुलांनी सांगितलेलं एक कोरकू वाक्य. विषय मोहफुलं वेचण्याचा, कुटकी या भरडधान्याचा, सिपना नदीतल्या मासेमारीचा. वर्षातून एकदा पागोटं बांधून नाच बसवण्यापेक्षा ही पुस्तकं कितीतरी मोलाची, कारण ती रोज हाताळली जातात.

होळी इथला सर्वांत मोठा सण. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबं तेव्हा परततात, होळीनंतर फगवा, म्हणजे होळीची वर्गणी, मागणं काही दिवस चालतं. त्या आठवड्यात नवा धडा किंवा चाचणी ठेवली की निम्मा वर्ग मागं राहतो.

मूल्यमापनात आकलन आणि मराठी यांची नोंद वेगळी करा. गोष्ट मराठीत ऐकवली आणि मुलानं कोरकूत नीट सांगितली, तर आकलनाचे पूर्ण गुण द्या. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवण्याचीच तरतूद आहे, त्यामुळे अशी नोंद ठेवायला शिक्षकानं कचरू नये.