रानातल्या रातांब्याची कलमे: माझा अनुभव

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाने रातांब्याची (कोकमाची) जुनी झाडे आहेत. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सदाहरित व निमसदाहरित रानात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणाऱ्या या झाडाची फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पाऊस लवकर आला तर उशिरा पिकणारी फळे झाडाखालीच कुजतात आणि आमसुले वाळवायला ऊन मिळत नाही. वहाळावरचे एक झाड मात्र दरवर्षी लवकर पिकते आणि त्याच्या फळांची सालही जाड असते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1997 मध्ये प्रसारित केलेली 'कोकण अमृता' ही जात आणून लावणे अधिक सोपे होते, परंतु मला याच झाडाचा वाण हवा होता. त्याला हट्ट म्हटले तरी चालेल.

मुठेलासाठी, म्हणजे बियांतून काढायच्या घट्ट तेलासाठी, बिया खडखडीत वाळवतात, पण तशा बिया रुजत नाहीत. म्हणून गर धुऊन, राखेत चोळून, सावलीत निथळताच मी त्या पिशव्यांत पेरल्या. रोपे अतिशय सावकाश वाढली.

खरा प्रश्न पुढचा होता. रातांब्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांपासून झालेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षे, कळत नाही. त्यामुळे ही रोपे खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांकडचा भाग, म्हणून वापरून त्यांवर त्या मादी झाडाच्या काड्या बांधणे, म्हणजे कोवळ्या खोडावरचे मृदुकाष्ठ कलम करणे, हाच मार्ग उरला. येथे काडीची निवड सर्वांत महत्त्वाची ठरते. आडव्या फांदीवरून घेतलेली काडी कलम झाल्यावरही आडवीच पसरत जाते आणि झाडाला उंची येत नाही. सरळ वर जाणाऱ्या फांदीचीच काडी घ्यावी लागते, आणि अशा फांद्या शेंड्याकडे, शिडीच्याही पलीकडे असतात. गावातल्या एका जाणत्या कलमकाराने वर चढून त्या काढून दिल्या, पाचरीचा काप घेऊन बांधल्या आणि ओल टिकावी म्हणून वर प्लास्टिकची पिशवी चढवली. काही काड्या वाळल्या, बऱ्याच फुटल्या.

पावसाळ्यात ती कलमे नारळ-सुपारीच्या विरळ सावलीत लावली. काही रोपे मी मुद्दाम बिनकलमी ठेवली आहेत, कारण परागीभवनासाठी बागेत थोडे नरही लागतात.