नसलेल्या डिस्कची वाट

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात जाडजूड पुस्तकाएवढे वीस डबे आहेत, ज्यांना थिन क्लायंट म्हणतात. आत पंखा नाही, हार्ड डिस्कही नाही. त्यांचे लिनक्स, म्हणजे त्यांना चालवणारी मूळ प्रणाली, राहते कोपऱ्यातल्या सर्व्हरवर, आणि हे डबे रोज सकाळी ते तिथून उसने आणतात. तास ३५ मिनिटांचा. त्यातली पहिली चार-पाच मिनिटे मुले काळ्या पडद्यावरून सरकणाऱ्या पांढऱ्या ओळी बघण्यात घालवत. 'स्वस्तातले आणले की असेच व्हायचे' हा शिक्षक-खोलीतला निकाल मीही बराच काळ निमूटपणे मान्य केला होता.

एका सुट्टीत मात्र मी घड्याळ घेऊन एका डब्यासमोर बसलो, आणि लक्षात आले की या सगळ्या खटाटोपात बिचाऱ्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामाच असतो. डबा मंद नव्हता. तो ताटकळत होता.

पहिले ताटकळणे सगळ्यांच्या तारा जिथे एकत्र येतात त्या नेटवर्क स्विचच्या दारात. जोडणीत कुठे वर्तुळ तर तयार झाले नाही ना, या शंकेपोटी जुन्या पद्धतीचा स्विच नव्याने जागे झालेल्या प्रत्येक तारेला १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद ओळख करून घेण्यात अडवून धरतो. तेवढ्यात इकडे डबा नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता मागून मागून थकतो. दुसरे ताटकळणे जेवणाच्या पानावरचे. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्या सोबतीचे सामान ज्या टीएफटीपी नावाच्या रीतीने येते, ती १९८१ सालची आहे आणि स्वभावाने फारच काटेकोर आहे: ५१२ बाइटांचा एक घास भरवायचा, तो गिळल्याची पोच येईपर्यंत थांबायचे, मगच पुढचा. घास मोठा करण्याची सोय पुढे झाली, पण आमच्याकडे मूळ रीतच चालू होती. ३० एमबींचे जेवण असेल तर हे चिऊ-काऊचे घास एकसष्ट हजारांवर जातात. त्यात आमचे शिपाईमामा भिंतीवरचे मुख्य बटण दाबून वीसही डबे एकदम चालू करत, त्यामुळे सारी पंगत एकाच वाढप्यावर तुटून पडे.

तिसरे ताटकळणे सापडायला मला दोन शनिवार लागले. पडद्यावर लाल चांदण्या डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे फेऱ्या मारत, आणि शेजारी दीड मिनिटाची मुदत मोजली जाई. कोणामुळे किती वेळ गेला हे सांगणारी 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम' ही आज्ञा मी मोठ्या आशेने चालवली. नावातच दोषारोप असलेल्या या यादीत सुरू झालेल्या सेवांची नावे येतात, आणि त्यांतल्या काही तर केवळ दुसऱ्यासाठी थांबल्यामुळे वर दिसतात. जो आलाच नाही, त्याचे नाव त्यात नसते. (शाळेच्या हजेरीत निदान गैरहजर मुलाचे नाव तरी असते.) अखेर उलगडा झाला तो सर्व्हरवरची लिनक्सची मूळ प्रत तपासताना. ती प्रत ज्या जुन्या संगणकावर तयार केली होती, त्याच्या डिस्कवरील स्वॅप विभागाची (मेमरी अपुरी पडली की वापरायच्या जागेची) एक ओळ एफएसटॅब फाइलमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीत, तशीच राहून गेली होती. म्हणजे ज्यांना जन्मतःच डिस्क नाही असे आमचे वीस डबे रोज सकाळी ९० सेकंद एका डिस्कची वाट पाहत, ती येत नाही अशी खात्री झाल्यावर मुकाट्याने पुढे जात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करत.

ती ओळ खोडताना थोडे वाईट वाटले, हे कबूल करतो. स्विचची शंकेखोर वृत्तीही डब्यांच्या तारांपुरती बंद केली.

उरला पंगतीचा प्रश्न. तो शिपाईमामांनी सोडवला. आता ते प्रार्थनेच्या आधी पहिली रांग चालू करतात, कक्ष झाडून काढतात, आणि केर भरून झाला की दुसरी.