सागाची पानगळ आणि हलता कॅमेरा: जानेवारी ते मार्चची नोंद

पानगळीच्या अमूर्त फोटोंचे जेवढे धडे मिळतात ते बहुतेक मेपल आणि बर्चच्या जंगलातले. ऑक्टोबर महिना, ओली हवा, लाल-केशरी रंगांची लयलूट. कॅमेरा कसाही फिरवा, रंग तारून नेतो. विदर्भातलं पानझडी जंगल असले लाड करत नाही. इथली पानगळ ऐन भरात येते ती जानेवारी ते मार्च, थंडी ओसरून हवा कोरडी होताना. थोडी तांबूस छटा धावड्याला येते, मोईची पानं पिवळी होऊन लवकर गळतात, बाकी सगळा मामला खाकी, राखाडी आणि पांढुरका. म्हणून या मोसमापुरतं ठरवलं की रंगाच्या मागे लागायचं नाही. खोडांच्या रेषा, पानांच्या शिरा आणि तिरपं ऊन एवढ्यावर फोटो उभा राहतो का ते बघायचं.

सामान जुनंच: क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, ७०-३०० मिमी झूम, ५० मिमी प्राइम (झूम नसलेली लेन्स), एक्स्टेन्शन ट्यूब (अगदी जवळचं फोकस व्हावं म्हणून लेन्समागे लावायची नळी), पोलरायझर (चमक मारणारा फिल्टर) आणि तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा राखाडी फिल्टर; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत जिप्सीतून उतरता येत नाही, आणि गाडीतली बाकीची मंडळी वाघासाठी पैसे मोजून आलेली असतात. त्यांना "जरा थांबा, मला त्या खोडांचे हललेले फोटो काढायचेत" असं सांगायची सोय नसते. त्यामुळे बरंचसं काम रामटेकच्या आसपास, रस्त्यालगतच्या सागाच्या रोपवनात आणि खिंडसी तलावाच्या काठावर झालं.

रोपवनातला साग ओळीने लावलेला, खोडं सरळसोट. कॅमेरा उभा ओढायच्या आयसीएमसाठी (इन्टेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट, म्हणजे शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम हलवणं) याहून सोयीचं झाड मला माहीत नाही. गणित मांडून घेतलं. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ठेवलं (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र बारीक) की शटर १/१०० सेकंदाच्या आसपास येतं. मला हवं होतं १/४, म्हणजे साडेचार स्टॉपच्या जरा वर. पोलरायझर दीड ते दोन खातो, एनडी तीन, बेरीज जमली. पोलरायझरचं दुसरंही काम आहे. सागाच्या वाळक्या पानावर उन्हाची पांढरी चमक येते आणि शटर मंद झालं की त्या प्रत्येक चमकेचा ओरखडा चित्रभर उमटतो. पोलरायझर फिरवून ती मारली की पानाचा तपकिरी रंग जागेवर येतो.

१/१५ला फोटो नुसता हात हलल्यासारखा दिसतो, बघणाऱ्याला वाटतं, जमलंच नाही. एक सेकंदाला खोडं विरघळून पट्टे उरतात. ते छान दिसतात, पण मग साग होता की विजेचे खांब, काही फरक पडत नाही. १/४ ते १/२ हे सागाला मानवतं. त्यातही अर्ध्या सेकंदाची एक युक्ती सगळ्यात कामाला आली: शटर दाबल्यावर क्षणभर कॅमेरा स्थिर धरायचा आणि मग खाली ओढायचा. स्थिर भागात खोडाची कड, एखादी फांदी, सालीचा खडबडीतपणा फिकट का होईना नोंदला जातो आणि त्याच्यावरून ओढीचे फराटे जातात. छायाचित्रकार एर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात बैलझुंजींचे रंगीत फोटो मंद शटरने काढले, त्यात सगळं वाहतंय पण डोळा टेकायला काहीतरी मिळतं. माझ्या फोल्डरमधून जे आयसीएम फोटो उडवले, त्यातल्या बहुतेकांत नेमकी ही टेकायची जागा नव्हती.

आकाशाचं मात्र बघावं लागतं. पानं गळलेली, त्यामुळे वर पांढरं फटफटीत आभाळ, आणि कॅमेरा उभा ओढला की ते आभाळ अर्ध्या फ्रेमवर सांडून खोडं खाऊन टाकतं. उपाय दोनच. एक तर मागे टेकडीचा उतार येईल असा कोन धरायचा, नाहीतर झूम २०० मिमीच्या पुढे नेऊन नुसती मधली खोडं कापून घ्यायची. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर तो तुमच्या ओढीला विरोध करतो आणि रेषा दचकल्यासारख्या येतात. आणि सेन्सर पुसून जा. जंगलाचं चित्र कितीही पुसट असलं तरी धुळीचा कण सेन्सरबरोबरच हलतो, त्यामुळे एफ/१६ला त्याचा ठिपका जागच्या जागी स्पष्ट दिसतो. इतक्या मऊ चित्रात तो काळा ठिपका फारच बोचतो.

फेब्रुवारीत मल्टिपल एक्स्पोजरकडे वळले. झाड निवडलं कुलू, ज्याला कांडोळ किंवा भुत्याही म्हणतात. पांढरी गुळगुळीत साल, गुलाबीसर पापुद्रे, एकही पान नाही. झाडाभोवती गोल फिरत थोड्या थोड्या अंतरावर एकेक फ्रेम घ्यायची आणि सगळ्या एकावर एक रचायच्या, ही पेप व्हेंतोसा या कॅटलान छायाचित्रकाराने गाजवलेली रीत. खोड दर वेळी स्क्रीनवरच्या ग्रिडच्या मधल्या रेषेवर हवं आणि झाडापासूनचं अंतर सारखं हवं. माळावर हे सोपं वाटतं, प्रत्यक्षात कुलू नेमका खडकाळ उतारावर उगवतो आणि अर्ध्या वाटेवर करवंदीची जाळी आडवी येते. जिथे फिरता आलं नाही तिथे तेवढी बाजू सोडून दिली. चित्रात ते कळतही नाही.

रचताना ब्लेंडिंग मोडवर (थर एकमेकांत कसे मिसळायचे त्यावर) सगळं अवलंबून आहे. उघड्या आभाळासमोरच्या निष्पर्ण फांद्यांना ब्राइट मोड (जागोजागी जे उजळ तेच ठेवणारा) लावला तर प्रत्येक नव्या फ्रेमचं आभाळ आधीच्या फांद्या पुसून टाकतं. डार्क मोडमध्ये उलट होतं, सगळ्या फांद्या शिल्लक राहून काळं जाळं तयार होतं. कुलूच्या पांढऱ्या खोडाची मात्र त्यात वाट लागते, कारण मागचा गडद उतार त्याच्यावर चढतो. शेवटी संगणकावर सरासरी काढली. खालचा थर १०० टक्के, त्यावरचा ५०, मग ३३, मग २५, असं उतरत जायचं म्हणजे प्रत्येक फ्रेमला सारखं वजन मिळतं. खोड ठाम राहिलं आणि फांद्यांचा धूर झाला. याच पद्धतीने ऐनाचं खोडही करून पाहिलं, ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली असते. पण सालीच्या भेगा एकमेकींत मिसळून नुसता करडा गोळा उरला. ऐनाला सरळ, स्थिर, कडक उन्हातला एकच फोटो पुरतो.

आता ज्यात मी खरी अडकले ते पान. सागाच्या पानांवर युटेक्टोना माकेरालिस नावाच्या पतंगाची अळी पडते. ती शिरांच्या मधला हिरवा भाग खाते आणि शिरा सोडून देते, त्यामुळे गळालेल्या पानांत कित्येक पानं नुसती जाळी होऊन पडलेली सापडतात. असं एक पान उन्हासमोर धरून बघा. मधली जाड शीर, तिच्यातून निघालेल्या बाजूच्या शिरा, त्यांना जोडणाऱ्या बारीक आडव्या शिरा आणि त्यांच्यातही केसाहून बारीक चौकटी. काही चौकटींत तपकिरी पडदा अजून शाबूत असतो, काही आरपार. कडेला अळीने सोडलेल्या रेशमी धाग्यात मातीचे कण अडकलेले. ५० मिमी आणि एक्स्टेन्शन ट्यूब लावून एफ/४ला एखाद-दोन चौकटी फोकसमध्ये घेतल्या आणि बाकीची जाळी विरू दिली. पानाचा पृष्ठभाग सपाट नसतो, त्यामुळे फोकसची पट्टी वेडीवाकडी फिरते. ती कुठून जाते हे पान किंचित वाकवून ठरवता येतं, आणि चित्राची खरी रचना तिथेच होते.

मग तेच पान लेन्सच्या अगदी पुढे धरून त्याच्यातून मागचं सागवन काढलं. एफ/२.८ला जाळीचा फक्त एक तपकिरी पडदा होतो आणि जिथे छिद्रं मोठी तिथून खोडं डोकावतात. एफ/८ला शिरा दिसू लागतात आणि खोडांवर चरे पडल्यासारखं वाटतं. मला एफ/४चा मधला प्रकार आवडला. सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्चर चढवण्यापेक्षा हे मला जास्त पटतं. त्याच झाडाखालच्या पानातून तेच झाड बघायचं, त्यात काहीतरी रास्तपणा आहे.

खिंडसीतली प्रतिबिंबं काढली, उलटी केली, बरी आली. असे फोटो इतके पाहून झालेत की त्यावर जास्त लिहीत नाही.

अनपेक्षितपणे हाती लागलं ते जळकं रान. आगीचा मोसम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो, त्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे ठरावीक पट्ट्यातला पाचोळा मुद्दाम जाळून टाकतं. पुढे मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोकही झाडाखालचा पाला जाळतात, आणि त्यातून वणवे लागतात हा वेगळा, कटू विषय. जाळरेषेच्या कडेवर निम्मी जमीन काळी, निम्मी खाकी, आणि जिथे सागाचं पान पूर्ण जळून गेलं तिथे त्याच आकाराची पांढुरकी राख उरलेली. वाऱ्याची झुळूक आली की आकार मोडतो, म्हणून पहाटे वारा पडलेला असतानाच जायचं. वरून सरळ खाली बघत, एफ/८, एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली. काळ्या जमिनीमुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि राख फोटोत नुसती पांढरीफट्ट होते. व्हाइट बॅलन्स (रंगांचा ऊबदार-थंड कल) डेलाइटवरच पक्का ठेवला. शेड (सावलीसाठीचं सेटिंग) लावलं की सगळं ऊबदार केशरी होतं, आणि ती ऊब तिथे नसतेच.

मार्चमध्ये कुसुम पेटला. त्याचा फोटो दाखवला की हमखास "वा, काय फॉल कलर!" अशी दाद येते. ती नवी पालवी आहे, अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे लाल, काही आठवड्यांत हिरवी होणारी. कुसुमाखाली मागल्या झाडांचा पाचोळा आणि वर ही लाली. दोन एक्स्पोजर, एक जमिनीचं फोकसमध्ये, एक पालवीचं पूर्ण आउट ऑफ फोकस, आणि सरासरी मोड. एवढ्याने भागलं. या मोसमात रंग हवाच असेल तर तो या झाडाकडून घ्यावा. पळस मला नको वाटतो. तो फ्रेममध्ये आला की बाकी सगळ्यांची बोलती बंद करतो.

आता दुपारच्या वावटळी सुरू होतील. ट्रायपॉड, एक ते दोन सेकंद, खोडं स्थिर आणि पाचोळा गरगरता, असं डोक्यात आहे. अडचण उजेडाची: भर दुपारी एवढं शटर मिळवायला सहा स्टॉपचा एनडी लागेल आणि त्याच्यावर पोलरायझरही, म्हणजे वाइड लेन्स लावली तर कोपरे काळे पडणार. कोणी चौकोनी फिल्टर होल्डर वापरत असेल तर धुळीत तो कसा टिकतो ते सांगा.