भिंतीचं मत

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरात खुंटी कुठे हवी, हे घरमालकाला एकदाच ठरवता यायचं. भिंत उभी राहत असताना गवंडी वरून हाक मारायचा, "खुंटी कुठे घेऊ?" त्या वेळी तोंडातून जे निघालं, ते पुढच्या तीन पिढ्यांनी पाळायचं. हात-दीड हात जाडीची मातीची भिंत आणि तिच्यात अर्ध्याहून जास्त गाडलेली बाभळीची खुंटी. कोनाडा, फडताळ, दिव्याची देवळी ही सगळी मंडळी भिंतीबरोबरच जन्माला यायची. आमच्या गावच्या घरातली एक खुंटी चांगली उंचावर आहे. आजोबा उंचेपुरे, त्यांच्या टोपी-उपरण्याच्या मापानं ती घेतलेली. आजीचा हात तिथे कधी पोहोचला नाही. तिनं आयुष्यभर आपली लुगडी दोरीवर टाकली. त्या खुंटीबद्दल तिनं तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही, आणि केली असती तरी आजोबांनी भिंत पाडून पुन्हा थोडीच बांधली असती?

ड्रिल मशीननं नेमकं इथेच बोट ठेवलं. लोक तिच्या वेगाचं कौतुक करतात, पण मला तिची खरी करामत वेगळीच वाटते. घर बांधून झाल्यावरही मत बदलायची मुभा तिनं दिली. आरसा चार बोटं खाली घ्या, टीव्ही या भिंतीवरून त्या भिंतीवर न्या, पडद्याचा रॉड काढून खिडकीबाहेर लावा. भिंतीला आता दर दिवाळीला नवा निर्णय ऐकावा लागतो.

अर्थात सगळ्या भिंती ऐकत नाहीत. मातीच्या भिंतीला मशीन लावून बघा. भोक पाडायचं बिट लोण्यात शिरल्यासारखं आत जातं, आपण खूश होतो, आणि बाहेर काढलं की सहा मिलिमीटरच्या भोकाच्या जागी आवळा मावेल एवढा खड्डा. त्यात स्क्रू धरायची प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली तर ती स्क्रूबरोबर गोल फिरते. म्हणून जुन्या घरांत काम करणारा जाणता सुतार भिंतीच्या नादाला लागत नाही. तो सागाचे खांब शोधतो आणि काय अडकवायचं ते लाकडाला अडकवतो. त्या जुन्या सागात बिट घालताना आधी धूर निघतो, मग वास सुटतो. तो वास आला की घरातलं एखादं म्हातारं माणूस हटकून विचारतं, "खांबाला काय करी ऱ्हायना रे?"

विटांच्या घराची गोष्ट निराळी. धुळ्यात देवपूरच्या घरी आमचा मिस्त्री भोक पाडतो तेव्हा मी जवळ उभा राहून भोकाखालचा कागद बघतो. वर्तमानपत्राची घडी करून त्यानं ती भोकाच्या खाली चिकटवलेली असते, धूळ फरशीवर पडू नये म्हणून. आधी पांढरी भुकटी पडते, ती पुट्टी. मग करडी, ते प्लॅस्टर. मग लालभडक येते आणि मिस्त्रीचे खांदे जरा सैल होतात, कारण वीट लागली. करड्यानंतर लाल आलंच नाही, आवाज चिरका झाला आणि बिट जागच्या जागी फिरायला लागलं, की तो बटण सोडतो. "भाऊ, आठे बीम शे." म्हणजे इथे काँक्रीटचा बीम आहे. मग साध्या मशीनचं काम संपलं. हॅमर ड्रिल आणायचं, नाहीतर आरसा दोन इंच सरकवायचा. मिस्त्री बहुधा आरसा सरकवतो आणि तीच जागा जास्त शोभते असं आपल्याला पटवूनही देतो. मशीनच्या बिट आवळायच्या किल्लीला त्यानं काळी टेप गुंडाळून ती वायरीलाच बांधलेली असते. ती किल्ली सुटी ठेवली की हरवतेच, हा सगळ्या महाराष्ट्राचा अनुभव असावा.

खरं तर या साऱ्या कौतुकात गिट्टीवर अन्याय होतो. पूर्वी वायरमन छिन्नीनं चौकोनी भोक पाडायचा, त्यात लाकडाचा ठोकळा सिमेंटनं बसवायचा आणि "उद्या येतो" म्हणून निघून जायचा. तो उद्या कधी उजाडेल ते त्यालाच ठाऊक. मग 1958 साली आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसानं नायलॉनची गिट्टी काढली. स्क्रू आत गेला की ती फुगते आणि भिंतीला घट्ट धरून बसते. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू नसती, तर ड्रिलनं भिंतीला नुसती भोकंच पाडली असती.

ड्रिलचा स्वतःचा प्रवास मला माणसाच्या अंगावरून मोजावासा वाटतो. 1895 साली जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये विल्हेल्म फाइनच्या कारखान्यानं हातात धरायचं विजेचं ड्रिल काढलं. दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार टाकायचं ते यंत्र. गडी दांडगाच हवा. 1917 मध्ये अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटानं दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचं पेटंट मिळालं आणि यंत्र मुठीत आलं. 1961 मध्ये त्याच कंपनीनं बॅटरीवर चालणारं ड्रिल आणून वायर कापली. पुढे लिथियम बॅटऱ्या आल्या आणि वजन इतकं उतरलं, की आता आमची वहिनी बारा व्होल्टचं ड्रिल ओट्यावरच्या डब्याशेजारी ठेवते. कपाटाची बिजागरी ढिली झाली की भाकरी तव्यावर असतानाच आवळून टाकते. घरातले थोरले भाऊ, आमचे जिभाऊ, पेपर वाचत असतात. ते डोकं वर करून म्हणतात, "अगं, मी केलं असतं." वहिनी उत्तर देत नाही, घोडा दाबते.

नवीन मशीन घ्यायला धुळ्याच्या आग्रा रोडवर गेलं की व्होल्टचा बाजार भरलेला असतो. एका डब्यावर 18 व्होल्ट, दुसऱ्यावर 20, आणि नाव न ऐकलेल्या एका डब्यावर 48. गिऱ्हाईक अर्थातच 48 कडे बघतं. खरी गोम अशी, की 18 आणि 20 वाल्या बॅटरीत आत सारखेच पाच सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. चालताना एक सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, म्हणजे पाचांचे 18. पूर्ण चार्ज होऊन नुकते काढले, की तेच पाच 20 च्या वर दाखवतात. 48 चा आकडा छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या उघडल्या तर त्यांतही कित्येकदा तेच पाच निघतात. आकडा मोठा, पीठ तेवढंच. मी सेलांची संख्या विचारली की दुकानदार चहा मागवतो.

आमच्याकडे बॅटरीचं खरं वैर उन्हाशी. या बॅटऱ्या साधारण 40 अंशांच्या पुढे चार्ज करू नयेत असं बहुतेक कंपन्या माहितीपत्रकात लिहितात. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर जातो. चार्जरला बॅटरी लावली की लाल दिवा लुकलुकत राहतो. तिला ताप आहे, मी हात लावणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. बॅटरी बिघडली म्हणून नवे गिऱ्हाईक दुकानात भांडायला जातात. जुने मिस्त्री ती कूलरसमोर ठेवतात आणि तोवर बिडी ओढून घेतात. पाण्यात बुडवून गार करणारे वीरही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. पण भारनियमनाच्या दुपारी हीच बॅटरी मान ताठ करते. वायरवाले सगळे लाइटची वाट बघत ओट्यावर बसलेले असतात, आणि वरच्या मजल्यावर एकाचं फर्निचर निवांत सुरू असतं.

दुरुस्तीचा मामला मात्र मला खटकतो. विहिरींवरच्या मोटारी जळत आल्या म्हणून खानदेशात तालुक्या-तालुक्याला मोटारीची तार नव्यानं गुंडाळून देणारी वाइंडिंगची दुकानं झाली. मोटार बांधणारा तोच माणूस ड्रिलच्या मोटारीतलं फिरतं आर्मेचर बांधून द्यायचा. आर्मेचरला वीज पोचवणारे कार्बन झिजले तर खिशाला न जाणवणाऱ्या पैशांत नवे टाकायचा, आणि मशीन आणखी काही वर्षं रेटायचं. नव्या ब्रशलेस मशीनमध्ये कार्बनच नाहीत. ठिणगी नाही, घर्षण कमी, बॅटरी जास्त पुरते, सगळं खरं. पण आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी गेली की वाइंडिंगवाला हात वर करतो. शिवाय या कंपनीची बॅटरी त्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. पहिलं मशीन घेताना आपण सोयरीकच जमवत असतो, पुढची सगळी खरेदी त्याच घरी.

फरशी-लोखंड कापायच्या ग्राइंडरबद्दल मात्र माझं मत कडक आहे. मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्या घेणारी ती चार इंची चकती. तिच्यावर कंपनीनं दिलेलं लोखंडी कव्हर असतं, आणि आपल्याकडे ते पहिल्याच दिवशी काढून खिडकीत ठेवलं जातं. कारण? "आडवं येतं." त्यावर कुणी लाकूड कापायची दातेरी चकती चढवली, की मी तिथून उठून जातो. ती लाकडात अडकली की मशीन उलटं अंगावर येतं. फरशी कापतानाची पांढरी धूळ छातीत बसते ती वेगळीच. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाण्याची धार धरायला एक पोरगा पुरतो, पण पोरगा चहा आणायला गेलेला असतो.

या मशीनांचा आमच्याकडचा हंगाम म्हणजे श्रावण. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी खानदेशची देवी कानबाई बसते. त्याआधी घरं धुवून-रंगवून निघतात. सुरत, नाशिक, पुण्याकडे गेलेले भाऊबंद तिच्या प्रसादाच्या रोटांसाठी घरी येणार असतात. मग गल्लीत दुपारभर घूंऽ घूंऽ चालू. कुठे तोरणाला हूक, कुठे दिव्यांच्या माळेला खिळे, कुठे पाहुण्यांच्या खोलीत पंखा. दर घरी मशीन नसतं, त्यामुळे ते फिरत राहतं. पूर्वी शिडी फिरायची, तसं. पण शिडी परत येताना होती तशीच यायची, मशीन येतं ते बोथट बिट घेऊन. म्हणून वहिनीनं नियम केलाय, मशीन न्या, बिट आपापलं.

मागच्या श्रावणात पलीकडच्या काकू दारात आल्या. देव्हाऱ्याच्या वर फळी लावायची होती. वहिनी सवयीनं म्हणाली, "थांबा काकू, जिभाऊंना पाठवते." जिभाऊ पेपरची घडी घालून उठायच्या बेतात. काकू तिथूनच म्हणाल्या, "जिभाऊ राहू दे बाई. मशीन दे. आणि सहाचं बिट नियमात बसत असेल तर तेही."