वाघाच्या गावात राहून ओरांगउटानसाठी पैसे का मागता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. दिवाळीच्या आधी आम्ही काही मैत्रिणी मिळून फराळ करतो, ओळखीपाळखीत विकतो आणि खर्च वजा जाता जे उरतं ते इंडोनेशियातल्या ओरांगउटानच्या जंगलासाठी पाठवतो. हे कळलं की चकली खाता खाता माणूस थांबतो. "अहो ताई, आपल्या पेंचमध्ये, ताडोबात एवढं काम पडलंय. वाघ विहिरीत पडतात, शेताच्या कुंपणातल्या करंटने मरतात. आणि तुम्ही समुद्रापलीकडच्या माकडांना पैसे पाठवता?"

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यांना जंगलाची खरी ओढ असते. २०१६ साली उमरेड-कऱ्हांडल्याचा 'जय' वाघ दिसेनासा झाला तेव्हा नागपुरातल्या पानठेल्यांवरही त्याचीच चर्चा होती. अशा गावात प्राण्यांविषयी कळवळा शिकवायची गरज नाही. म्हणूनच मी हे काम इथे करते.

माझं उत्तर तेलापासून सुरू होतं. जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करणारा देश भारत आहे. गेली काही वर्षं दरसाल ७५ लाख टनांहून जास्त पाम तेल आपल्याकडे येतं आणि त्यातलं बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून. इतवारीतल्या तेलाच्या दुकानात रचलेले पिपे बघा, बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचा, शेवेचं पाकीट उलटं करा, 'पामोलीन' सापडेल. आंघोळीच्या साबणातही ते आहे. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली. ती बंदी महिनाभरही टिकली नाही, पण तेवढ्यात आपल्याकडे तेलाच्या भावाची धास्ती घराघरांत पोचली होती. ओरांगउटानचं बोर्निओ बेट लांब आहे असं कुणी म्हणालं की मला ते दिवस आठवतात. आपली कढई रोज तिथल्या जमिनीवर तापते, आणि त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

बोर्निओ आणि सुमात्रा या दोन बेटांखेरीज जगात कुठेच ओरांगउटान रानात उरलेला नाही. तो माकड नाही. त्याला शेपूट नसते, आणि चिंपांझी-गोरिलासारखा तो आपल्या जवळच्या गोतातला. त्याच्या तीन जाती आहेत आणि तिन्ही अतिसंकटग्रस्त यादीत आहेत. तिसरी, तापानुली ओरांगउटान, वेगळी जात म्हणून २०१७ मध्ये नोंदली गेली. उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगरात तिचे ८०० हूनही कमी जीव उरलेत. बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त ओरांगउटान नाहीसे झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. सगळा दोष तेलाचा नाही. लाकूडतोड आहे, कागदाच्या लगद्याची लागवड आहे, खाणी आहेत, आणि सरळसरळ बंदुकीची गोळीही आहे.

आता वाघाचं म्हणाल, तर एक फरक मी प्रत्येकाला सांगते. वाघिणीला एका वेळी दोन-तीन, कधी चार बछडे होतात आणि दोन-अडीच वर्षांत ती पुन्हा विते. जंगल राखलं, भक्ष्य राखलं की वाघ वाढतो, हे विदर्भाने डोळ्यांनी पाहिलंय. ओरांगउटानची मादी सात ते नऊ वर्षांतून एकदा विते आणि बहुधा एकच पिल्लू होतं. ते सहा-सात वर्षं आईला धरून असतं. कोणतं झाड कधी फळतं, फांद्या वाकवून रात्रीचं घरटं कसं करायचं, सगळं आईकडूनच. अशा जनावराची एक मादी मेली तर तिची जागा भरायला एक अख्खी पिढी जाते. वाघाला आपण उशिरा जागे होऊनही वाचवू शकलो. इथे उशीर चालणारच नाही, म्हणून माझा हात त्या बाजूला आधी जातो. वाघाच्या कामालाही मी देते. एकाला दिलं म्हणून दुसऱ्याचं कमी करायचं असं मी कधी केलेलं नाही.

यानंतर हमखास दुसरा प्रश्न येतो: पैसे नेमके जातात कुठे? खरं तर हाच जास्त महत्त्वाचा.

ओरांगउटानच्या नावाने पैसे मागायचे तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे लंगोट बांधलेल्या, दुधाची बाटली धरलेल्या पिल्लाचा फोटो. तो पाहून कुणाचंही काळीज हलतं. पण ते पिल्लू माणसाच्या कुशीत आलंय याचा अर्थ त्याची आई बहुतेक मारली गेलेली असते, कारण जिवंतपणी ती पिल्लू सोडत नाही. सांभाळणाऱ्या संस्था मनापासून राबतात. मध्य कालिमांतानमधल्या (कालिमांतान म्हणजे बोर्निओचा इंडोनेशियाकडचा भाग) न्यारू मेंतेंगच्या केंद्रात अशा पोरक्या पिल्लांना जंगलाची शाळा असते. आईने जे शिकवलं असतं ते तिथली माणसं वर्षानुवर्षं शिकवतात आणि मग त्यांना रानात सोडतात. त्या कामाविषयी मला नितांत आदर आहे. तरी आमच्या पैशांतला मोठा वाटा मी तिकडे पाठवत नाही. सोडायला रानच उरलं नाही तर शिकवलेलं पिल्लू जाणार कुठे? जन्मभर पिंजऱ्यात राहणं म्हणजे वाचणं नव्हे. पुण्याच्या कात्रजहून २००३ साली ओडिशातल्या नंदनकाननला नेलेली 'बिन्नी' नावाची ओरांगउटान २०१९ मध्ये वारली. त्या वेळी भारतातल्या प्राणिसंग्रहालयांत तिच्या जातीचं दुसरं कुणीही नव्हतं. तिचे रखवालदार तिला जीव लावत असतीलच, पण आपल्यासारखं दुसरं कुणी तिच्या आसपास नव्हतं.

म्हणून आमचे पैसे जमिनीवर आणि माणसांवर. एक काम पीटच्या दलदलीचं आहे. तिथे हजारो वर्षं पाला-लाकूड पाण्यात अर्धवट कुजून त्याचे थरावर थर साचलेत, आणि त्यावर ओरांगउटानचं उत्तम जंगल उभं राहतं. १९९६ मध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने मध्य कालिमांतानमधल्या अशाच दहा लाख हेक्टर जमिनीवर भात पिकवायचं ठरवलं. चार हजार किलोमीटरहून जास्त लांबीचे कालवे खणले. भात काही पिकला नाही, पण कालव्यांनी दलदलीचं पाणी ओढून नेलं, आणि वाळलेला पीट गोवरीसारखा आतल्या आत धुमसायला लागला. १९९७ ला आगी लागल्या. २०१५ ला तर इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळलं, धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत गेला. अशी आग वरून पाणी मारून विझत नाही, जमिनीखालून पसरते. उपाय एकच, जमीन पुन्हा ओली करायची. गावातली माणसं लाकडाच्या बल्ल्या ठोकून, मातीची पोती टाकून कालव्यावर बांध घालतात, पाणी अडतं, थर भिजतात. पाणी अडवण्याची भाषा विदर्भाला सांगावी लागत नाही. त्या बांधांच्या चित्राने पैसे कमी जमतात हे मला माहीत आहे, तरी मी तेच दाखवते.

दुसरं काम मला त्याहूनही पटतं. पश्चिम कालिमांतानमध्ये गुनुंग पालुंग नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या कडेच्या गावांना काम करणाऱ्यांनी आधी विचारलं: तुम्ही झाडं का तोडता, आणि तोडू नये म्हणून तुम्हाला काय हवं? उत्तर आलं: दवाखाना. घरात कुणी आजारी पडलं की रोख पैसा लागतो, आणि हाताशी रोख म्हणजे जंगलातलं लाकूड. २००७ मध्ये तिथे दवाखाना निघाला. जे गाव तोड थांबवेल त्याला उपचारात सवलत. हातात पैसे नसतील तर रोपं द्या, विणलेली चटई द्या, शेणखत द्या, बिल फिटलं. पुढे लाकूड कापणाऱ्यांच्या करवतीही विकत घेतल्या आणि त्यांना दुसऱ्या धंद्याला भांडवल दिलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या दहा वर्षांत तिथली जंगलतोड सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. ताडोबाच्या बफरमधल्या बाईला मोहफुलं वेचायला भल्या पहाटे जंगलात का जावं लागतं, हे ज्याला समजतं त्याला हा दवाखानाही लगेच समजतो. नागपुरात हे सांगताना मला कधी फार शब्द लागले नाहीत.

"मग पाम तेल बंदच करा ना!" असंही लोक म्हणतात. मी तसं म्हणत नाही. एका हेक्टरात पामपासून जेवढं तेल निघतं, तेवढं सोयाबीनपासून काढायचं तर कितीतरी पट जमीन लागेल, आणि ती जमीन पुन्हा कुठल्या तरी जंगलातूनच येईल. शिवाय ज्या घराला महिन्याचं तेल मोजून आणावं लागतं त्या घराला मी महाग तेल घे म्हणणार नाही. मला हवं ते एवढंच की नव्या लागवडीसाठी उभं जंगल कापू नये आणि हे कंपन्यांना मोठ्या गिऱ्हाइकाने, म्हणजे आपण, ठणकावून सांगावं. आपल्याकडेही २०२१ पासून ११,०४० कोटींच्या मोहिमेतून तेलताडाची लागवड वाढवली जातेय, आणि तिचा भर ईशान्येवर आणि अंदमानवर आहे. आसामात-अरुणाचलात हूलॉक गिबन राहतो, भारतातला एकमेव कपी, म्हणजे ओरांगउटानसारखाच बिनशेपटीचा. ती रोपं पडीक जमिनीत लागतात की रानात, यावर मी डोळा ठेवून आहे. तुम्हीही ठेवा.

मुलांसमोर बोलायला गेले की मी राकुसची गोष्ट सांगते. राकुस हा सुमात्रातला नर. २०२२ च्या जूनमध्ये त्याच्या गालावर जखम झाली. त्याने एका वेलीची पानं चघळली, रस जखमेवर लावला, मग चोथाही लिंपला. जखम भरली. अभ्यासकांनी ते पाहून लिहून ठेवलं आणि २०२४ मध्ये जगाला कळलं. ती वेल आपल्या गुळवेलीच्या कुळातली आहे. कडुनिंबावर चढलेली गुळवेल नागपूरच्या मुलांनी पाहिलेली असते. त्यानंतर जे प्रश्न सुटतात त्यांना तास पुरत नाही, आणि घरी जाऊन ती मुलं आईबाबांना जे सांगतात त्यानेच आमच्या ऑर्डरी वाढतात.

व्यवहाराचं तेवढं सांगते. पैसे परदेशात जातात, त्यामुळे देणगीवरची करसवलत मिळत नाही, हे मी पैसे घेण्याआधी सांगते. बँकेतून रीतसर पाठवलेल्या रकमेची पावती आणि तिकडून आलेला हिशोब ज्याला हवा त्याला दाखवते. कुणाला फक्त पिल्लांसाठीच द्यायचं असेल तर ते पैसे तिकडेच जातात. माझं मत मी त्यावर लादत नाही.

फराळ आम्ही घाणीच्या फल्ली तेलात तळतो, म्हणून तो बाजारापेक्षा महाग पडतो. तिकडे कोरडे महिने जूनच्या सुमारास सुरू होतात आणि त्याआधी बांध घालून व्हावे लागतात, तेव्हा रक्कम जानेवारीतच पोचवायचा आमचा प्रयत्न असतो. चकली, शेव, अनारसे आणि जाड पोह्यांचा चिवडा एवढंच करतो. यंदा हवा असेल तर कोजागिरीपर्यंत सांगा, नंतर तेलाचा अंदाज चुकतो.